घर बंद

तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘घर बंद’. तारीख, वेळ, भेट देणाऱ्या ताईंची खूण, सगळं जागच्या जागी. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींसाठी मोठ्यांचे डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणि महिन्याची औषधं घेऊन एक कार्यकर्ती सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, गेली होती. फोनमधल्या नकाशानं तिला ज्या ठिपक्यापाशी नेऊन सोडलं तिथं घरच नव्हतं. बाभळीची दोन झुडपं, काट्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या, क्रिकेट खेळणारी पोरं आणि उन्हानं पांढरं पडलेलं मैदान. पोरांना आजींचं नाव सांगितलं तर एक जण बॅट काखेत धरून म्हणाला, ‘‘हिकडं कोण नाही ओ तसलं. ग्रुप कुठला?’’ ग्रुप यादीत नव्हता. विडी घरकुलात ग्रुप, म्हणजे वसाहतीचा भाग, माहीत नसेल तर घर नंबरला काही अर्थ उरत नाही, हे त्या पोराला ठाऊक होतं, यादी करणाऱ्याला नव्हतं. पुढच्या नावाकडे जायचं तर अ‍ॅपमध्ये काहीतरी निवडणं भाग होतं आणि पर्याय तीनच होते: भेट झाली, भेट नाकारली, घर बंद. तिनं तिसरा निवडला. आजी तिथून चारेकशे मीटरवर, सताड उघड्या दाराच्या घरात पडून होत्या. ते कळायला पुढं तेरा दिवस गेले.

तेरा दिवसांत पाठीच्या जखमेचं काय होतं ते ज्यांनी कुणाची सेवा केली आहे त्यांना सांगायला नको. पण मनात रुतून बसते ती नोंद. रिकामा रकाना असता तर कुणीतरी विचारलं असतं, इथं का गेला नाहीत? ‘घर बंद’ लिहिल्यावर कुणी विचारत नाही. काम झालेलं दिसतं.

चूक शोधताना आधी संशय फोनवर गेला, मग जीपीएसवर. खरं कारण निघालं एक्सेलच्या फाइलीत. नकाशावर त्या मैदानातल्या ठिपक्याला बोट लावलं की एक नव्हे, अकरा नावं उघडत होती. अकरा घरं एकाच बिंदूवर कशी असतील? ज्यांनी दारोदार जाऊन नोंदी घेतल्या त्यांनी अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढं सहा आकड्यांपर्यंत घेतले होते. मग ती यादी कुणीतरी ‘नीटनेटकी’ केली. रकाने अरुंद केले, आकडे दोन दशांशांवर आणले आणि फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर म्हणून, जतन केली. एक्सेल सीएसव्ही लिहितं तेव्हा पडद्यावर दिसतं तेवढंच लिहितं. मूळचे चार आकडे तिथंच गळाले. १७.६७ आणि ७५.९५ एवढंच उरलं.

हे आकडे जमिनीवर किती मोठे असतात हे एकदा पावलांत मोजून घ्यायला हवं. सोलापूरच्या अक्षांशावर दोन दशांश म्हणजे साधारण १,१०० मीटर लांब आणि १,०६० मीटर रुंद चौकोन, एवढ्या आवारात घर कुठंही असू शकतं. तीन दशांश म्हणजे ११० मीटर, एक गल्ली. चार म्हणजे ११ मीटर, दोन-तीन दारं. पाचवा आकडा आला की सव्वा मीटरच्या आत, म्हणजे उंबरा. सामाजिक कामाला पाच पुरेत. पाचाच्या खाली गेलेली यादी मी वापरायला देणार नाही. रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवायचा, मूळ फाइल कुणी हात न लावता बाजूला ठेवायची आणि कामाची प्रत वेगळी काढायची. इतकं केलं तरी अर्धी संकटं टळतात.

दुसरी चूक याहून विचित्र आणि तितकीच नेहमीची. अक्षांशाच्या जागी रेखांश पडतो. १७.६७ उत्तर, ७५.९५ पूर्व हे सोलापूर. उलटं केलं तर ७५.९५ उत्तर, १७.६७ पूर्व. ही जागा पृथ्वीवर आहे. नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या खाली, बर्फगार समुद्रात. अक्षांश ९० पर्यंत चालतो म्हणून सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. पूर्ण उलटलेली यादी लगेच लक्षात येते, कारण सगळं शहरच गायब होतं. तीनशे नावांतली चार उलटली तर ती पडद्याच्या बाहेर निघून जातात आणि उरलेल्या २९६ ठिपक्यांकडे बघून कुणाला काही कमी वाटत नाही. म्हणून फॉर्ममध्येच अट घालून ठेवावी: शहराच्या कामात अक्षांश १७.५ ते १७.८ आणि रेखांश ७५.७ ते ७६.१ यांच्या बाहेर गेला तर नोंद पुढं सरकूच नये. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके या फोनवर फॉर्म भरून घ्यायच्या साधनांत ही एका ओळीची अट आहे.

सोलापुरात पत्ता सांगायची रीत मुळात आकड्यांची नव्हेच. इथं पत्ता तालमीवरून सांगतात, वेशीवरून, चौकावरून. पत्रा तालमीच्या मागं, बाळीवेशीतून आत, कन्ना चौकाच्या अलीकडं. विजापूर वेस, तुळजापूर वेस. येण्याजाण्याची दारं गेली, नावं माणसांच्या जिभेवर राहिली. त्यात एकाच गल्लीचं नाव मराठी घरात एक, तेलुगू घरात दुसरं, कन्नड बोलणाऱ्या शेजारणीच्या तोंडी तिसरं. यादीत ‘विडी घरकुल’, ‘विडी घरकूल’, ‘बिडी घरकुल’ आणि रोमन लिपीतले दोन-तीन प्रकार अशी एकच वस्ती पाच नावांनी येते. दोन याद्या जोडायला गेलं की संगणकाला त्या पाच वेगळ्या वस्त्या दिसतात आणि चार वस्त्यांतली माणसं गळतात. नावावर जोडणी कधीच करू नये. प्रत्येक वस्तीला एक क्रमांक द्यावा, फॉर्ममध्ये नाव टाइप न करता यादीतून निवडायला लावावं आणि लोक वापरतात ती सगळी नावं त्या क्रमांकासमोर लिहून ठेवावीत. त्यातलं एकही चुकीचं समजू नये. रात्री अडीचला रुग्णवाहिकेच्या चालकाला रस्ता सांगणारा माणूस त्यातलंच एखादं नाव घेणार असतो.

मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीनं देशाच्या जमिनीचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली. ज्या घरावर नंबर नाही, ज्या गल्लीला पाटी नाही, तिथं ही मोठी सोय आहे आणि तिचं मनापासून स्वागत करावं. मात्र ती खूण अक्षांश-रेखांशातूनच निघते. आकडे गळालेले असतील तर डिजिपिनही त्या मैदानातलाच येईल. आणि घरावर घर असेल तर खालच्या आणि वरच्या मजल्याची खूण एकच. जिना मागच्या बाजूनं आहे हे शेवटी माणसानंच लिहावं लागतं.

दारात उभं राहून एक बिंदू घेणं ही वरवर फार साधी गोष्ट. भवानी पेठेकडच्या दाट वस्तीत, पत्र्यांच्या घरांमधून जेमतेम दोन माणसं जातील अशा बोळात ती करून बघावी. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन चार-पाच मीटरच्या आत जागा सांगतो. बोळात उपग्रहाचा संदेश भिंतींवर, पत्र्यांवर आपटून येतो आणि तोच फोन वीस-पंचवीस मीटर बाजूला, मागच्या गल्लीतलं घर दाखवतो. मागच्या गल्लीला जायला वळसा मोठा असतो, म्हणून ही चूक नकाशावर दिसते त्याहून पायांना जास्त लागते. तेव्हा पन्हाळीखालून बाहेर यायचं, फोन छातीजवळ आडवा धरायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं आणि अचूकतेचा आकडा खाली येताना बघायचा. पंचवीस, अठरा, अकरा, सात. पाचावर आला की घ्यायचा. आलाच नाही तर उपग्रहाच्या चित्रावर बोटानं घराचं छप्पर दाखवायचं आणि ‘हातानं लावला’ असं लिहायचं. फॉर्ममध्ये बिंदूचा प्रश्न पहिला ठेवावा. शेवटी ठेवला तर घरातल्या गप्पा संपवून, पुढच्या चौकात पोचून, फोन पुन्हा उघडून बिंदू घेतला जातो. बऱ्याच याद्यांमध्ये चहाच्या गाडीवर वीस-तीस कुटुंबं ‘राहत’ असतात, ती अशी.

त्यावरून काम करणाऱ्यांना धारेवर धरण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२ च्या पुढं जातो. अकरानंतर फोन तापून बंद पडतो, पडदा दिसत नाही, डोक्यावरचा पदर सावरत एका हातानं आकडे भरायचे असतात. सात ते दहा ही खरी वेळ. दोघींची जोडी तेवढ्यात तीस-पस्तीस घरं नीट करते. एका सकाळी साठ झाली असतील तर कौतुकाआधी तपासणी करावी. दर दहा घरांमागं एका घरी दुसऱ्या कुणीतरी पुन्हा जावं. नळाला पाणी येण्याचा दिवस तर सोडूनच द्यावा. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, वेळेचा भरवसा नसतो. त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस नळाच्या, मोटारीच्या, पिंपाच्या मागं असतं. दारात उभं राहून ‘कुटुंबात किती माणसं’ असं विचारणाऱ्याला कुणी काय म्हणून उत्तर द्यावं? म्हणून वस्तीच्या नोंदीत ‘पाण्याचा वार’ असा एक रकाना हवाच. विड्या वळणाऱ्या बायकांकडे गेलं तर तेही तंत्र वेगळं. मांडीवर सूप, बोटं चालू, नजर पानावर. तिच्याशी बोलता येतं, पण तिचे हात थांबवायचे नाहीत. सही मागितली की हात थांबतात, विड्या कमी होतात, मजुरी कमी होते. तोंडी संमती घ्यावी आणि तशी नोंद करावी.

फोन काढायच्या आधी मात्र रांगोळी काढावी.

हे मी अगदी आग्रहानं सांगेन. अंगणवाडीच्या किंवा समाजमंदिराच्या फरशीवर वस्तीतल्या दहा-बारा बायकांनी मिळून आपल्या वस्तीचा नकाशा काढायचा, ही पद्धत गावोगावच्या प्रशिक्षणांत कित्येक वर्षं चालत आली आहे. पहिल्यांदा देऊळ, दर्गा, मोठं झाड अशी एक पक्की जागा मांडायची. तिथून रांगोळीनं गल्ल्या. मग म्हाताऱ्या माणसांच्या घरांवर कुंकू, गरोदर बायकांच्या घरांवर हळद, सहा वर्षांखालच्या प्रत्येक लेकरासाठी तुरीचा एक दाणा, सार्वजनिक नळाला खडा. पहिली दहा मिनिटं एकच धीट बाई रांगोळी हातात घेऊन बसते. तिच्या हातून ती अलगद काढून सगळ्यांत थोरलीला आणि नुकत्या लग्न होऊन आलेल्या सुनेला द्यावी. थोरलीला पाणी कुठून कुठं तुंबतं ते ठाऊक असतं, सुनेला कोणत्या गल्लीतून अंधार पडल्यावर जाता येत नाही ते. कुठल्याही उपग्रहाला दिवसा ती गल्ली इतरांसारखीच दिसते. तिथला खांबावरचा दिवा गेलेला आहे, कोपऱ्यावर दारू मिळते, म्हणून सार्वजनिक संडासाकडे जाताना बायका लांबचा रस्ता घेतात, ही माहिती फरशीवरच्या त्या वाकड्या रेघेत येते. एखादी म्हणते, ‘‘हितं दाणा ठेव की गं, त्या पत्र्याच्या खोलीत भाडेकरू आलेत, दोन लेकरं हायत.’’ भाडेकरूंची नावं बहुतेक यादीत नसतातच. खुर्चीवर उभं राहून वरून फोटो घ्यायचा, उत्तर दिशा खडूनं दाखवायची आणि त्याच दिवशी त्याच बायकांबरोबर गल्ल्या चालून बिंदू घ्यायचे. दुसऱ्या दिवशी रांगोळी पुसलेली असते आणि आठवणही.

या बिंदूंमधून पुढं जे नकाशे होतात त्यांत वर्तुळांचा मोह फार. अंगणवाडीभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं, आतली घरं हिरवी, बाहेरची लाल. बैठकीत हा नकाशा छान दिसतो. काढताना पहिली चूक एककाची: बिंदू अंशांत असतील आणि क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरला ५०० सांगितलं तर ते पाचशे अंश समजतं आणि वर्तुळ पृथ्वीला गिळतं. आधी नकाशाचे सगळे थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे ३२६४३ या क्रमांकाच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) आणावेत. मग मीटर म्हणजे मीटरच होतात. वेबवरच्या नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात सोलापूरपाशी अंतरं जवळपास पाच टक्के फुगलेली असतात, त्यात वर्तुळ काढलं तर पाचशेचे पावणेपाचशे मीटरच भरतात. हे सगळं दुरुस्त होतं. दुरुस्त न होणारी गोष्ट अशी की लेकरू वर्तुळातून चालत नाही. मध्ये रेल्वेचे रूळ असतात, नाला असतो, जड वाहनांचा रस्ता असतो. सरळ रेषेत दोनशे मीटरवरची अंगणवाडी पुलावरून जाताना एक किलोमीटर होते. चार वर्षांच्या पोराला घेऊन, कडेवर दुसरं असताना, हा किलोमीटर कोण रोज चालेल? म्हणून अंतर रस्त्यावरून मोजावं. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मोफत नकाशावर वस्तीतले बोळ आधी कुणीतरी काढलेले असावे लागतात. ते कुणीही काढू शकतं. कॉलेजच्या पोरापोरींनी दोन रविवार दिले तर एका वस्तीच्या सगळ्या पाऊलवाटा नकाशावर येतात आणि त्या सगळ्यांना कायमच्या मोकळ्या राहतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी फुगून जिल्ह्यातली गावं पाण्याखाली गेली तेव्हा याचं मोल दिसलं. ढगांआडून जमीन बघणाऱ्या रडार उपग्रहाच्या चित्रावर पाणी कुठंवर पसरलं ते काळ्या डागासारखं दिसतं. पण त्या डागात कुणाची वस्ती आहे हे तो उपग्रह सांगत नाही. शेतातल्या वस्त्यांना जाणारी वाट आधी नकाशावर नसेल तर पाणी आल्यावर ती काढायला कुणाला वेळ नसतो.

ठिपका जितका अचूक, तितकी जबाबदारी जड. पाच दशांशांचा बिंदू म्हणजे एका बाईचं दार. त्या दारावर ‘क्षयरोग’ किंवा ‘एचआयव्ही’ असा रंग चढवून तो नकाशा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात गेला, तर उपचारांआधी शेजार तुटतो. भाडेकरूला खोली सोडावी लागते. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचा आसरा कुठल्याही नकाशावर असता कामा नये, अंदाजे सुद्धा नाही. बाकी आजारांचं बाहेर दाखवायचं असेल तर घरांचे ठिपके काढून टाकावेत, वस्तीवर अडीचशे मीटरचे षटकोन अंथरावेत आणि ज्या षटकोनात पाचापेक्षा कमी माणसं येतात तिथं आकडा न छापता ‘पाचाहून कमी’ लिहावं. नावांची यादी एकीकडे, बिंदूंची दुसरीकडे, दोन्ही जोडणारा क्रमांक तिसऱ्याच माणसाकडे. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यात संमतीचं बंधन आहे. पण कायदा नसता तरी हे करावंच लागलं असतं. संमती विचारताना समोरची बाई ज्या भाषेत भांडते त्या भाषेत विचारावी. सोलापुरात त्यासाठी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी माणसं गटात हवीत.

आणि ते दोन शब्द, ‘घर बंद’. पल्स पोलिओच्या मोहिमेत दारावर खडूनं खुणा करतात, त्या इथल्या प्रत्येक भिंतीनं बघितल्या आहेत. ‘पी’ म्हणजे या घरातली सगळी बाळं झाली, फुली म्हणजे कुणीतरी राहिलं, पुन्हा यायचं. त्या फुलीत मला फार मोठं शहाणपण दिसतं. राहिलेलं काम ती दारावरच ठेवून जाते, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं. फोनमधल्या आपल्या नकाशांना ती फुली काढताच येत नव्हती. न गेलेली जागा आणि जाऊन काही न सापडलेली जागा दोन्ही सारख्याच पांढऱ्या. शून्य म्हणजे पाहून केलेली नोंद. कोरं म्हणजे अजून कुणी पाहिलेलं नाही. या दोहोंना दोन रंग हवेत, आणि कोऱ्याचा रंग जास्त भडक हवा. नकाशावर रुग्ण नसलेली एखादी वस्ती दिसली की आधी विचारावं, तिथं गेलं कोण होतं? किती वाजता? दार वाजवलं का?

त्या यादीचे आकडे मूळ फाइलीवरून पुन्हा आणले गेले. मैदानातला एक ठिपका फुटून अकरा झाला आणि अकरा दारांवर जाऊन बसला. फॉर्मच्या पर्यायांत दोनांची भर पडली: ‘ठिपक्यावर घर नाही’ आणि ‘पत्ता सापडला नाही’. दोन्हीपैकी काही निवडलं की नाव यादीतून खाली जात नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत वर येतं. ‘घर बंद’ निवडायचं असेल तर आता कुलपाचा फोटो लागतो आणि शेजारच्या घरी विचारलं का, याचं उत्तर. ग्रुपचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तळाशी मोकळ्या मजकुराला जागा आहे, शंभर अक्षरांची. आजींच्या नावापुढं तिथं आता लिहिलेलं आहे: ‘दार उघडंच असतं. ऐकू कमी येतं. अव्वा म्हणून मोठ्यानं हाक मारा, तेलुगूत बोला, आणि थांबा.’